कोंबडीचा वैरी कोण? ससाणा, चिमणी आणि छऱ्याची बंदूक

अमेरिकेच्या एखाद्या उपनगरात आज कोणी परसात पाच-सहा कोंबड्या पाळल्या, तर त्या अंगणात तीन तऱ्हेचे पक्षी हमखास उतरतात. खाद्याच्या भांड्यावर तुटून पडणाऱ्या चिमण्या आणि स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचे युरोपीय भाऊबंद, हे पहिले. थव्याने येणारे काळे ग्रॅकल आणि काउबर्ड हे दुसरे. तिसरा बहुधा एकटाच येतो आणि कुंपणाआडून झेप घालतो. त्याचे नाव कूपरचा शिक्रा.

यांपैकी पहिल्या दोघांना छऱ्याच्या बंदुकीने टिपले तर अमेरिकेचा संघीय कायदा आड येत नाही. (राज्यांचे आणि नगरपालिकांचे नियम निराळे.) ग्रॅकल-काउबर्डना काही अटी पाळून मारता येते. शिक्र्यावर मात्र नुसता छर्रा झाडला तरी तो गुन्हा ठरतो. कोंबडीचे पिल्लू खरोखर उचलून नेणारा पक्षी मात्र या तिघांत हाच आहे.

दाणे टिपणाऱ्याला देहदंड आणि कोंबडी पळवणाऱ्याला अभय, असा हा न्याय. तो कसा घडला याची कथा सुमारे पावणेदोनशे वर्षांची आहे. तिच्यात सरकारी इनामे आहेत, पक्ष्यांची हजारो जठरे आहेत, बुडत चाललेला पवनचक्कीचा एक कारखाना आहे आणि मुंबईचा एक दहा वर्षांचा मुलगाही आहे.

आरंभ कोंबडीपासूनच करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी शेतघरात गहू-मक्याचा पैसा घरधन्याच्या हाती येई. अंड्यांचा पैसा घरधनिणीचा. गावच्या दुकानात अंडी देऊन साखर, कॉफी, दोरा आणि सुती कापड आणण्याची रीत होती. कोंबड्यांची राखण बायका आणि मुले करीत. अंड्यांवर चालणारा हा बायकांचा स्वतंत्र ताळेबंद मराठी खेड्यातील वाचकाला नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. पिल्लू गेले की घराच्या मोठ्या हिशेबात फारसा फरक पडत नसे, पण जिच्या पदरच्या गाठीतून ते जाई तिला तो तोटा चांगलाच कळे. ससाण्यावरील राग हा असा घरातून आलेला होता.

शिवाय शतकाच्या मध्यास कोंबडीला एकाएकी भाव आला. १८४९ मध्ये बोस्टनला कुक्कुटप्रदर्शन भरले आणि त्यानंतर काही वर्षे ईशान्य अमेरिकेला कोंबड्यांचे अक्षरशः वेड लागले. शांघाय, कोचीन आणि ब्रह्मा अशा आशियाई नावांच्या थोराड कोंबड्यांच्या जोड्या अवाच्या सवा किमतीला विकल्या जाऊ लागल्या. यातील ‘ब्रह्मा’ हे नाव ब्रह्मपुत्रेवरून आलेले. त्या काळात ‘हेन फीव्हर’ म्हणून गाजलेला हा ज्वर लवकरच ओसरला. पण परदेशी पक्षी आणावा, त्याचे कौतुक करावे आणि त्याच्याकडून लाभाची आशा धरावी, ही वृत्ती त्या दशकाच्या हवेतच होती. तिचे पुढचे अपत्य चिमणी. तिच्याकडे वळण्यापूर्वी ससाण्याचा खटला निकाली काढलेला बरा.

‘चिकन हॉक’ किंवा ‘हेन हॉक’ हे नाव अमेरिकी शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेले होते. त्या नावाचा कोणताही एक पक्षी अस्तित्वात नाही. तांबड्या शेपटीचा मोठा बाज, तांबड्या खांद्यांचा बाज, कूपरचा शिक्रा, सगळेच ‘चिकन हॉक’. आकाशात घिरट्या घालतो तो चोर, एवढीच ओळख पुरेशी मानली जाई. यात एक गंमत आहे, आणि पुढचा सारा घोटाळा तिच्यातूनच निघाला. मोठे बाज उघड्यावर, उंच, सर्वांना दिसेल असे फिरतात. कूपरचा शिक्रा झाडीच्या आडोशाने येतो, क्षणात झडप घालतो आणि दिसेनासा होतो. चोरी एकाची आणि आळ दुसऱ्यावर, असा प्रकार वर्षानुवर्षे चालला होता.

२३ जून १८८५ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा करून प्रत्येक ससाणा आणि घुबड (तसेच मिंक व वीझल हे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी) यांच्यामागे ५० सेंट इनाम जाहीर केले. पुरावा म्हणून डोक्याची कातडी सादर करायची. त्यामुळे लोक त्याला ‘स्काल्प ॲक्ट’ म्हणू लागले. प्रत्येक दाव्याची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचे शुल्क २० सेंट. म्हणजे एका पक्ष्यामागे सरकारी तिजोरीतून ७० सेंट जात.

दीड वर्षात ९०,००० डॉलर खर्च झाले. केंद्रीय कृषी खात्यातील तरुण प्राणिशास्त्रज्ञ क्लिंटन हार्ट मेरियम यांनी हा आकडा हाती घेऊन एक हिशेब मांडला. ९०,००० डॉलर म्हणजे किमान १,२८,५७१ जीव मारले गेले. त्यांतील बहुतेक ससाणे आणि घुबडे. आता समजा, या पक्ष्यांनी राज्यात वर्षाला ५,००० कोंबड्या मारल्या आणि एक कोंबडी २५ सेंटची धरली. दीड वर्षाचे नुकसान होते १,८७५ डॉलर. शेतकऱ्यांचे १,८७५ डॉलर वाचवण्यासाठी राज्याने ९०,००० डॉलर घालवले होते.

मेरियम तेथेच थांबले नाहीत. एक ससाणा किंवा घुबड वर्षाला किमान हजार उंदीर, किंवा तेवढे कीटक, खातो. एक उंदीर शेतकऱ्याचे वर्षाला २ सेंटचे नुकसान करतो. म्हणजे एक पक्षी वर्षाला २० डॉलर वाचवतो. या त्रैराशिकाने मेलेल्या पक्ष्यांचा तोटा ३८,५७,१३० डॉलर निघाला. इनामाची रक्कम धरून एकूण ३९,४७,१३०. वाचवलेल्या प्रत्येक डॉलरमागे २,१०५ डॉलरचा खड्डा.

हा हिशेब तेव्हापासून पक्षिसंरक्षणाच्या साहित्यात वारंवार उद्धृत होत आला आहे. त्याचा पूर्वार्ध भक्कम आहे. ९०,००० डॉलर खरोखर तिजोरीतून गेले होते आणि ५,००० हा कोंबड्यांचा आकडा अंदाजाचा असला, तरी तो दहापट वाढवूनही इनाम तोट्यातच जाते. उत्तरार्ध मात्र गृहीतकांवर उभा आहे. हजार उंदीर कोणी मोजले नव्हते, दोन सेंटही कोणी तोलले नव्हते. तरी त्या काळाच्या दृष्टीने मेरियम यांनी एक मोठी गोष्ट साधली. ससाणा चांगला की वाईट हा प्रश्न त्यांनी रागालोभाच्या चावडीवरून उचलून जमाखर्चाच्या वहीत आणून ठेवला. विधिमंडळाला हीच भाषा समजत होती. १८८७ मध्ये कायदा रद्द झाला.

वहीला खरा पुरावा दिला तो मेरियम यांचे सहकारी ए. के. फिशर यांनी. देशभरातून आलेल्या शिकारी पक्ष्यांची सुमारे २,७०० जठरे चिरून आत काय आहे ते त्यांनी नोंदवले, आणि १८९३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. तांबड्या शेपटीच्या बाजाची ५६२ जठरे तपासली गेली. त्यांतील २७८ मध्ये उंदीर होते. कोंबड्या किंवा शिकारीचे पक्षी केवळ ५४ मध्ये. तांबड्या खांद्यांच्या बाजाची २२० जठरे तपासली, त्यांत कोंबडी निघाली अवघ्या ३ मध्ये. उलट कूपरच्या शिक्र्याची १३३ जठरे पाहिली, त्यांत ३४ मध्ये कोंबड्या किंवा शिकारीचे पक्षी. म्हणजे शेतकऱ्याचा राग अगदीच खोटा नव्हता. पत्ता चुकला होता, एवढेच.

फिशर यांच्या ग्रंथाने शेतकऱ्याची बंदूक खाली आली, असे मात्र घडले नाही. शहाणपण छापून आले आणि गोळ्या पुढची कित्येक दशके चालूच राहिल्या. दरम्यान अंगणात नवा पाहुणा येऊन स्थिरावला होता.

न्यूयॉर्कला लागून असलेल्या ब्रुकलिनमध्ये रस्त्याकडेची झाडे दर उन्हाळ्यात सुरवंट खाऊन फस्त करीत आणि ते सुरवंट लोकांच्या टोप्यांवर गळत. यावर उपाय म्हणून निकोलस पाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५० मध्ये इंग्लंडहून चिमण्यांच्या आठ जोड्या मागवल्या आणि पुढील वसंतात सोडल्या. त्या तगल्या नाहीत. १८५२ मध्ये आणखी पक्षी आणले गेले आणि ग्रीनवुड दफनभूमीत त्यांची राखण करण्यासाठी माणूस नेमला गेला. या खेपेस त्या टिकल्या. पुढे गावोगावी हौशी मंडळींनी चिमण्या मागवल्या. १८६९ मध्ये एकट्या फिलाडेल्फियाने हजारभर पक्षी आणले. त्यांच्यासाठी उद्यानांत लाकडी घरटी टांगली गेली.

चिमणीने सुरवंट खाल्ले, पण तिला आवडतील ते. केसाळ सुरवंटांच्या वाटेला ती फारशी गेली नाही. गुळगुळीत सुरवंट कमी झाले आणि त्यांच्या जागी केसाळ माजले. बाकी वर्षभर ती धान्यच खात राहिली. घोड्यांच्या लिदीतले न पचलेले ओट, गव्हाची कणसे, आणि अर्थातच कोंबड्यांपुढे टाकलेले दाणे. खुराड्यात तिला अन्न, पाणी, ऊब आणि घरट्यासाठी पिसे हे सर्व एकाच जागी मिळे. माणसाच्या संसारात बिऱ्हाड थाटणाऱ्या या पक्ष्याला परसातल्या कोंबड्यांसारखा दुसरा यजमान सापडणे कठीण.

१८७० च्या दशकात या चिमणीवरून पक्षितज्ज्ञांत जे वाग्युद्ध पेटले, ते ‘चिमणीयुद्ध’ या नावानेच इतिहासात नोंदले गेले आहे. बोस्टनचे थॉमस ब्रूअर चिमणीचे वकील. वॉशिंग्टनचे एलियट कूज तिचे कट्टर वैरी. वाद इतका विकोपाला गेला की शास्त्र बाजूला पडून व्यक्तींची धुणी धुतली जाऊ लागली. १८८० मध्ये ब्रूअर वारले आणि चिमणीचा मोठा कैवारी गेला. या वादाची भाषा बारकाईने पाहण्यासारखी आहे. चिमणी भांडखोर, गलिच्छ, भरमसाट वीण असलेली, इथल्या सभ्य पक्ष्यांची घरे बळकावणारी. हीच विशेषणे त्या दशकांतील वृत्तपत्रे गोदीवर उतरणाऱ्या गरीब स्थलांतरितांसाठी वापरीत होती. तिचे नावच ‘इंग्लिश चिमणी’ पडले, जणू पारपत्रासकट. जिच्या दाण्यासाठी हे रण माजले होते ती कोंबडी मूळची आशियातल्या रानकोंबडीची लेक. पण तिच्या परदेशीपणाची आठवण कोणालाही झाली नाही.

१८८९ मध्ये कृषी खात्याने वॉल्टर बॅरोज यांचा चिमणीवरील अहवाल प्रसिद्ध केला. देशभरातून शेकडो लोकांनी कळवलेल्या माहितीवर तो आधारलेला होता. निष्कर्ष स्पष्ट होता: चिमणी उपद्रवी आहे, तिचा नायनाट करावा. परंतु त्याच अहवालात बॅरोज यांनी इनामाच्या मार्गाला ठाम विरोध केला. पेनसिल्व्हेनियाचा धडा ताजा होता. शिवाय चिमणीच्या बाबतीत एक आणखी अडचण होती. अमेरिकेत चिमणीसारखे दिसणारे तपकिरी, छोटे, निरुपद्रवी देशी पक्षी डझनावारी आहेत. पोरांनी आणलेली डोकी मोजणाऱ्या गावच्या कारकुनाला त्यांतला फरक कळण्याचे काही कारण नव्हते.

तरीही मिशिगन राज्याने १८८७ मध्येच चिमणीच्या डोक्यामागे १ सेंट इनाम लावले होते. इलिनॉयने १८९१ मध्ये हिवाळ्याच्या महिन्यांसाठी २ सेंट केले. व्हायचे तेच झाले. इनाम परक्या चिमणीचे, आणि मुडदे त्यांत देशी पक्ष्यांचेही.

वाचकांनी येथे मिशिगन हे नाव ध्यानात ठेवावे. कारण याच राज्यातल्या प्लिमथ या छोट्या गावी, याच वर्षांत, परसातल्या या युद्धाचे हत्यार तयार होत होते.

हवेच्या दाबावर चालणारी बंदूक ही काही नवी वस्तू नव्हती. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास जिरांदोनी नावाच्या कारागिराच्या हवाबंदुका वापरल्या होत्या. पण त्या महाग, नाजूक आणि प्रौढांच्या. प्लिमथमध्ये विल्यम मार्कम यांनी लाकडी छऱ्याची बंदूक काढली. तेथेच १८८२ मध्ये स्थापन झालेली एक लोखंडी पवनचक्क्यांची कंपनी होती आणि तिचा धंदा नीट चालत नव्हता. क्लॅरन्स हॅमिल्टन या कारागिराने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात धातूची छऱ्याची बंदूक करून कंपनीपुढे ठेवली. व्यवस्थापक ल्यूइस हफ यांनी ती चालवून पाहिली आणि ‘ही तर डेझी आहे’ असे उद्गार काढले, अशी आख्यायिका कंपनी आजवर सांगत आली आहे. तेव्हाच्या बोलीत ‘डेझी’ म्हणजे झकास. पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला ती बंदूक भेट म्हणून दिली जाऊ लागली. थोड्याच काळात पवनचक्कीपेक्षा भेटीलाच मागणी अधिक, अशी स्थिती आली. १८९५ मध्ये कंपनीने पवनचक्की नावातूनही काढून टाकली आणि ‘डेझी मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ हे नाव घेतले.

बंदूक मुलांसाठी होती, आणि मुलांच्या मासिकांत तिच्या जाहिराती झळकू लागल्या. तिच्यात दारू नाही, धूर नाही, मोठा आवाज नाही. छर्रा काही मिलिमीटरचा. बाजासारखा मोठा पक्षी त्याने मरणे कठीण. तो जखमी होऊन तडफडत राही. चिमणी मात्र टप्प्यात येई. म्हणजे ‘वैरी’ कोण हे ठरवण्यात आता हत्याराचाही वाटा आला. कोंबड्यांची राखण मुलाकडे, हातात डेझी, आणि समोर कुंपणावर चिमण्यांची रांग. शिवाय त्या मारल्याबद्दल कोणी रागावणार नाही, उलट मिशिगनसारख्या राज्यात एखादा सेंटही मिळेल. एका पिढीचे नेमबाजीचे शिक्षण असे चिमण्यांवर झाले.

याने चिमण्या कमी झाल्या का? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतून नव्हे, मुंबईहून मिळते. खेतवाडीत मामाच्या घरी वाढणाऱ्या दहा वर्षांच्या एका मुलाला छऱ्याच्या बंदुकीचा भारी नाद होता. १९०६-०७ च्या सुमारास तबेल्यातल्या एका भोकात चिमणीने घरटे केलेले त्याने पाहिले. मादी आत अंड्यांवर, नर बाहेर खिळ्यावर पहाऱ्याला. मुलाने नराला टिपले. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा नर येऊन बसला. त्यालाही टिपले, तिसरा आला. पुढच्या सात दिवसांत त्या एका खिळ्यावरून त्याने आठ नर मारले, आणि दर वेळी जागा भरायला नवा उमेदवार जणू रांगेतच उभा होता. मुलाने हे वहीत टिपून ठेवले. त्याचे नाव सालीम अली. १९०८ मध्ये त्याने टिपलेली गळ्यावर पिवळा ठिपका असलेली निराळीच चिमणी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्ड यांच्यापुढे घेऊन गेली, ही कथा सर्वश्रुत आहे. तबेल्यातली कथा तिच्या मानाने मागे पडते, पण शास्त्राच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची वाटते. घरट्याच्या जागा मोजक्या आणि त्या मिळवू पाहणारे नर पुष्कळ. एकाला मारणे म्हणजे दुसऱ्याला जागा करून देणे.

अमेरिकी कृषी खात्यातही हे शहाणपण दुसऱ्या वाटेने पोहोचले होते. १९१२ मध्ये नेड डिअरबॉर्न यांनी शेतकऱ्यांसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत विणीच्या हंगामात दर दहा-बारा दिवसांनी घरटी मोडत राहण्यावर भर आहे. सापळे आहेत, विषही आहे; चिमणी खायला चांगली लागते अशी शिफारसही आहे. घरटे मोडण्याचे काम कंटाळवाणे. त्यात नेम नाही, फुशारकी नाही. म्हणून ते होत नसे.

अखेर शहरातल्या चिमण्यांना ओहोटी लागली ती वेगळ्याच कारणाने. रस्त्यावरून घोडे गेले आणि मोटारी आल्या. लीद संपली, लिदीतले ओट संपले. डेन्व्हरचे पक्षिनिरीक्षक बर्गटोल्ड यांनी १९२१ मध्येच मोटारी आणि घटत्या चिमण्या यांचा संबंध दाखवणारा लेख लिहिला. पोरांच्या हजारो बंदुकांना जे जमले नाही ते हेन्री फोर्ड यांनी नकळत करून दाखवले. चिमणी मग शेतांकडे आणि परसातल्या खुराड्यांकडे टिकून राहिली.

तोवर स्टार्लिंगही आला होता. मार्च १८९० मध्ये यूजीन शीफलिन यांनी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ६० आणि पुढील वर्षी ४० स्टार्लिंग सोडले. शेक्सपिअरने उल्लेखलेला प्रत्येक पक्षी अमेरिकेत आणण्याचा त्यांचा ध्यास होता, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. ती शीफलिन यांच्या मृत्यूनंतर, विसाव्या शतकाच्या मध्यास त्यांच्या नावाला चिकटली, असे अलीकडच्या संशोधनाने दाखवले आहे. परका पक्षी आणणाऱ्याला वेडा ठरवणे सोयीचे होते, एवढे म्हणता येईल. त्या काळी असे पक्षी आणणे हा प्रतिष्ठितांचा उद्योग होता, वेड नव्हे. १९२१ मध्ये कृषी खात्याच्या काल्मबाख आणि गेब्रिएलसन यांनी स्टार्लिंगचीही जठरे तपासली आणि कीटक खाणारा हा पक्षी एकंदरीत शेतीला उपकारक आहे, असा निर्वाळा दिला. त्या निर्वाळ्याने त्याचे काहीही भले झाले नाही.

कारण पक्ष्यांची वर्णव्यवस्था त्यापूर्वीच कायद्यात उतरली होती. १८८६ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने राज्यांसाठी पक्षिसंरक्षणाचा नमुना कायदा तयार केला. गाणाऱ्या देशी पक्ष्यांना त्याने अभय दिले आणि इंग्लिश चिमणीला नाव घेऊन वगळले. १९१६ मध्ये कॅनडाच्या वतीने ब्रिटनशी करार झाला आणि १९१८ मध्ये स्थलांतरी पक्ष्यांचा संघीय कायदा आला. त्यातही चिमणी आणि स्टार्लिंग नाहीत. पण ससाणे, घुबडे आणि कावळेही नव्हते. म्हणजे मेरियम यांच्या हिशेबाला तीस आणि फिशर यांच्या ग्रंथाला पंचवीस वर्षे उलटली, तरी उंदीर खाणारा बाज कायद्याच्या छत्राबाहेर पावसात उभाच होता.

पेनसिल्व्हेनियाने तर १९२९ मध्ये गॉसहॉकवर ५ डॉलर इनाम पुन्हा सुरू केले. किटॅटिनी डोंगरावरून शरदात दक्षिणेकडे जाणारे शिकारी पक्षी शेकड्यांनी पाडले जात. मेलेल्या पक्ष्यांच्या ओळी मांडून काढलेली छायाचित्रे १९३२ मध्ये पक्षिप्रेमींपर्यंत पोहोचली. न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी प्रस्थापित संस्थांची वाट न पाहता १९३४ मध्ये तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला आणि राखणदार बसवला. ‘हॉक माउंटन’ हे शिकारी पक्ष्यांसाठीचे पहिले अभयारण्य असे उभे राहिले. पुढे डीडीटीने अंड्यांची कवचे पातळ होऊन शिकारी पक्षी घटू लागले तेव्हा लोकमत पालटले. १९७२ मध्ये मेक्सिकोशी असलेल्या करारात दुरुस्ती होऊन ससाणे, घुबडे आणि कावळे संघीय संरक्षणाखाली आले. त्यांच्यात कूपरचा शिक्राही होता, ज्याच्या १३३ जठरांपैकी ३४ जठरांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली होती. कुळ सबंध वाचवायचे ठरले तेव्हा एकेकाची चौकशी मागे पडली. कोंबडीपालकांना तो दिवस आवडला नसेल, पण ‘चिकन हॉक’ या एका नावाखाली निरपराध बाज मरत होते तोवर दुसरा मार्गही दिसत नव्हता.

चिमणी-स्टार्लिंगचे बाहेरपण २००४ मध्ये अधिक पक्के झाले. एका न्यायालयीन निकालाने परदेशी हंसाच्या एका जातीला संरक्षण मिळू लागताच काँग्रेसने कायदा सुधारला आणि माणसाने आणलेल्या परक्या जातींना हे संरक्षण नाही असे स्पष्ट केले. चिमणी त्या भूमीत तोवर दीडशे वर्षे आणि शंभराहून अधिक पिढ्या राहिली होती. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’च्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस ज्या चिमणीसाठी पाळला जातो, ती हीच जात. तिच्यासाठी इकडे लोक खोकी टांगतात.

आजच्या परसातला प्रश्न दाण्यांपेक्षा रोगाचा आहे. रानपक्ष्यांमार्फत कोंबड्यांना माइट नावाच्या रक्तशोषक किडी लागतात, आणि बर्ड फ्लूची धास्ती तर मोठीच. २०२२ पासून अमेरिकेत या साथीने मेलेल्या आणि खबरदारी म्हणून मारलेल्या पाळीव पक्ष्यांची संख्या १० कोटींच्या पुढे गेली. पण त्या विषाणूचे मुख्य वाहक बदके आणि हंस, ते संरक्षित. म्हणून पशुवैद्य बंदूक सांगत नाहीत. अर्ध्या इंचाच्या आसाची लोखंडी जाळी, वर छप्पर, रात्री झाकलेले खाद्य आणि पाणी एवढेच सांगतात. ती जाळी चिमणीला आणि शिक्र्याला सारखीच अडवते; तिला दोघांतला भेद करावा लागत नाही.

बंदूक तरीही आहे, आणि संघीय नियमावलीत तिचा उल्लेखही आहे. ग्रॅकल, काउबर्ड आणि कावळे खरोखर नुकसान करीत असतील तर मारता येतात. आधी न मारता हुसकावण्याचे उपाय करून पाहावे लागतात. बंदूक वापरली तर शिशाची गोळी चालत नाही, मात्र छऱ्याच्या बंदुकीला यातून सूट आहे. मारलेल्या पक्ष्यांचा हिशेब पुढील वर्षाच्या ३१ जानेवारीपर्यंत सरकारला कळवावा लागतो. त्याच अंगणात, त्याच बंदुकीने टिपलेल्या चिमणीसाठी असा कोणताही रकाना नाही.